पलंगाशेजारचा प्लग

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला विजेचा ग्रिल मिळाला. ओट्यावर नेमका बसला, पण पिन जाड आहे. ती घेईल असं सॉकेट या खोलीत एकच, आईच्या पलंगाशेजारी. आणि त्यात अजून तिचं ऑक्सिजनचं मशीन लावलेलं आहे. आई जाऊन महिना झाला. मशीन बंद आहे, पण बाबा प्लग काढू देत नाहीत. त्यांना बरं वाटावं म्हणून मीही ते रोज पुसते, बाटलीतलं पाणी बदलते.

काल ते दाढीला खाली गेले तेव्हा मी प्लग काढला. ग्रिल स्टुलावर ठेवून बटाटे लावले. खिडकी उघडी असूनही धूर पडद्यांत शिरला. बाबा आले. ग्रिल काढून मशीनचा प्लग परत लावला. बटाटे आम्ही अर्धेकच्चे खाल्ले. दात अजून शाबूत आहेत, एवढंच म्हणाले.

गॅस त्यांच्या हाती द्यायची भीती वाटते. शेगडी चालू ठेवून बाहेर पडतात. ग्रिल निदान आपोआप बंद होतो. तो त्यांना जमला तर मी प्रयोगशाळेत परत जाईन, नाहीतर राजीनामा. रजा सोळाला संपते. एका जागी बसवत नाही, झोप नाही. काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार. लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी लिहीत जा.

तुझी
धाकटी

६ मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

बहिणीने माझी तक्रार केलीच असेल. आता माझं ऐक. ती रोज सकाळी मशीनच्या बाटलीतलं पाणी बदलते, नळी पुसून गुंडाळून ठेवते. बंद मशीनची एवढी बडदास्त! विचारलं तर म्हणते, धूळ बसते. तीन दिवसांमागे दाढी करून आलो तर प्लग काढलेला, आणि ही ग्रिलसमोर डोळे लाल करून बसलेली. धुराने, म्हणाली. मला एवढंही कळत नाही का? पोरीने माझ्या पोटासाठी मन मारलं. मी निमूटपणे प्लग परत लावला. तिची तयारी होईपर्यंत राहू दे. मी पाव खाऊन राहीन; मला कुठे कुस्तीला जायचंय?

पण तिला राजीनामा देऊ देऊ नकोस. मी विषय काढला की ती झाडू हातात घेते. दिवसभर आम्ही एकमेकांना चुकवत फिरतो, आणि फिरायला जागा ती केवढी!

सूनबाईंना आशीर्वाद. आम्हाला मनात असू द्या.

बाबा

९ मार्च

ती. बाबांस सा. न. आणि चि. धाकटीस अ. आ.

दोघांना मिळून एकच पत्र; मोठ्याने वाचा. बाबा, तुम्ही प्लग ठेवलाय तो तिच्यासाठी. धाकटे, तू पाणी बदलतेस ते बाबांसाठी. एका खोलीत राहून बोलायला तुम्हाला परगावचा माणूस लागतो! घुमेपणात आपल्या घराचा हात कोणी धरणार नाही, आणि त्यात मीही आलो.

मशीन दवाखान्याचं आहे. ते देऊन टाका. तुझी वहिनी सांगते, ग्रिलच्या खालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घाला, धूर कमी होतो. रागावलात तरी चालेल, पण दोघं मिळून रागवा.

थोरला

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बाबांनी वाचायला घेतलं आणि मध्येच माझ्या हातात दिलं. मग दोघंही प्लगपाशी गेलो. ते मला म्हणाले तू काढ, मी म्हटलं तुम्ही काढा. शेवटी दवाखान्याला फोन केला. माणूस आला, प्लग ओढला, वायर गुंडाळली. पाणी घेणार का, असं विचारेपर्यंत तो मशीन घेऊन जिन्यात होता.

खरं सांगते, पाणी फक्त बाबांसाठी बदलत नव्हते. बाबाही म्हणाले की प्लग काही नुसता माझ्यासाठी नव्हता.

आज ग्रिल त्यांनी लावला. सारखं झाकण उघडून बघत होते, त्यामुळे काही भाजेना. मी हात मागे धरून खिडकीत उभी राहिले. न बोलणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. अखेर त्यांनी झाकण सोडलं. टोमॅटो एका बाजूने करपले. ताटल्या ठेवायला जागा उरली नाही, म्हणून बाबा आईच्या पलंगावर बसले आणि मलाही सरकून जागा दिली. महिनाभरात तिथे कोणी बसलं नव्हतं.

मी परवा कामावर परत निघते. बाबांवरचा लोभ जरा वाढव. माझ्यावर आहे तेवढा पुरे.

धाकटी