करिश्माच्या घरचा डबा

प्रिय करिश्मा,

अक्षर ओळखलंस का? सहावीत तू म्हणायचीस, हिच्या वहीवरून कोंबडी चालून गेली. कोंबडी अजून तीच आहे, फक्त आता फळ्यावर चालते. मी अमरावतीला बी.एड. करते आहे आणि सरावासाठी भातकुलीकडच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. तू अकोल्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस हे मला मागच्या रविवारी कळलं आणि खरंच फार बरं वाटलं. तुझा फोन नंबरही मिळाला होता. पण फोनवर मी इकडचं तिकडचं बोलून, हसून मोकळी झाले असते. माझी ही खोड तुला माहीतच आहे.

झालं असं, की मी मोठ्या ऐटीत वर्गाला निबंध दिला: आपल्या डोळ्यांसमोर कोणावर तरी अन्याय झाला आणि आपण बघत राहिलो, असा एक प्रसंग लिहा. पोरांनी पानंच्या पानं भरली. कोणाच्या बसचा कंडक्टर वाईट, कोणाची काकू वाईट. स्वतः बघत राहिलेलं एकही पोरगं त्यात नव्हतं. मी जरा रागावलेच, तर सुगत नावाचा एक आगाऊ मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, तुमी काहून नाही लिहिलं?’’ मी खडू खाली ठेवला आणि तुझ्या घरची भुलाबाई सांगायला बसले.

तुला आठवतं ना सगळं? महिनाभर रोज संध्याकाळी आपण आठजणी पाटावरची मातीची भुलाबाई घेऊन एकेकीच्या घरी जायचो. गाणी झाली, की घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवायची आणि आपण खाऊ ओळखायचा. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, मला नुसत्या आवाजावरून कळायचे. त्याचा मला केवढा तोरा होता! कोणत्या दिवशी कोणाचं घर, ही यादीही माझ्याच वहीत असायची. सगळ्यांत जास्त गाणी तुला यायची, टाळीही तुझीच खणखणीत, आणि तरी तू रोज विचारायचीस, ‘‘माह्या घरी कवा?’’ मी तुझं नाव चौदाव्या दिवसावर लिहिलं होतं, बाकीच्यांची दुसरी पाळी चालू असताना. मुद्दाम मागे टाकलं होतं, हेही आज सांगून टाकते.

चौदाव्या दिवशी तू घरी वाट बघत होतीस आणि आम्ही सातजणी रागिणीकडून निघत होतो, तेव्हा तिच्या आईनं हसत हसत म्हटलं, ‘‘पारध्यायच्या घरी चालल्या? चपला तेवढ्या सांभाळजा, बाप्पा.’’ सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. तुझे बाबा आमचीच संत्र्याची बाग राखायचे. वर्षभर आमचा सगळा माल त्यांच्या भरवशावर, आणि चपलांचा भरवसा नाही! हे तेव्हा कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. पोरी रागिणीकडेच पुन्हा बसल्या. मला मात्र चैन पडेना, म्हणून मी एकटी तुमच्या वस्तीच्या, बेड्याच्या वळणापर्यंत आले. तुमचं अंगण ताजं सारवलेलं होतं. दिवा लावलेला होता. तुझी माय नवं लुगडं नेसून दारात बसली होती आणि तिच्या मांडीवर फडक्यानं झाकलेला डबा होता. तू रस्त्याकडे बघत होतीस. मी बाभळीआडून मागे फिरले.

वर्गाला मी एवढंच सांगितलं. मग कोणीतरी विचारलं, डब्यात काय होतं? मी म्हटलं, माहीत नाही. झालं! सगळे ओळखायला लागले. चिवडा, करंज्या, तिळाचे लाडू. मी फळा भरून लिहीत गेले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, ‘‘मॅडम, त्यायलेच इचारा ना.’’

म्हणून रविवारी गावी गेल्यावर पहिल्यांदाच तुमच्या अंगणात आले. तुझे बाबा, आमचे शालिककाका, एकटेच घरी होते. मी तोंड उघडायच्या आत शालिककाकाच म्हणाले, ‘‘पोरी, लय दिवसाचं मनात हाये. त्या साली तुमी पोरी आमच्या दारातून वापस गेल्या, त्यात माहीच चूक होती. त्या सांजेले मीनं घडीभर दोघी मायलेकीले पान्याले धाडलं. तुही काकू मले अजून बोलते.’’ आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले गं. माझ्यासमोर! मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि तरी मी तुझा पत्ता आणि नंबर तेवढा मागून निघून आले. कारण दुसऱ्या दिवशी शाळेत मी तुला काय सांगितलं होतं, ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. मी म्हटलं होतं, आम्ही आलो होतो, तुमच्या घरी कोणीच नव्हतं. तू जरा विचार करून म्हणालीस, ‘‘पान्याले गेलो असू तवा.’’ माझं खोटं तूच सावरून घेतलंस, आणि त्याची बोलणी काका दहा वर्षं खात आले. आम्ही आलो नव्हतो, करिश्मा. मी वळणावर आले तेव्हा तुम्ही घरीच होतात. हे मी कोजागिरीला येऊन काकाकाकूंना सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. तू त्या दिवशी घरी असावंस असं मला फार वाटतं. नसलीस तरी मी जाणारच. आणि त्या डब्यात काय होतं, ते एवढ्यात सांगू नकोस. मला अजून ओळखता आलेलं नाही.

तेव्हा तुझ्या दारापर्यंत न आलेली, तरीही तुझीच,
आकांक्षा