आमटीतली गोळी

मंगळवार, जेवणं झाल्यावर

शिरूरच्या डॉक्टरांना आज शेजारणीचं नाव पुढं करून दारू सोडवायच्या गोळीचं विचारलं. म्हणाले, "व्यसन हा आजार आहे. पण ही गोळी माणसाला न सांगता देऊ नका. वर दारू घेतली तर जिवावर बेतेल."

आणि मी तीन आठवडे ह्यांच्या आमटीत तीच कुटून घालतेय. पहिल्याच दिवशी पिऊन आले, भडाभडा ओकले, तेव्हापासून बाटलीला शिवले नाहीत. आता गावभर सांगतात, "मन घट्ट केलं आन् सोडली."

आजार असेल तर त्यात मनाचं काय? सांगून टाकू? मग पुन्हा प्यायला लागले तर?

मघाशी वाटी पुढं केली, "आमटी वाढ अजून." वाढली. आज गोळी घातली नव्हती. आता खरंच सगळं ह्यांच्या मनावर आहे, आणि ते ह्यांनाच माहीत नाही.