राहून गेलेलं उत्तर

प्रिय चिमणे,

अक्षर बघून हसू नकोस. तुझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं याहून बरं काढत असतील. पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड केलीय, आणि चार ओळी झाल्या की हात टेकावा लागतो. तुझ्या वहिनीला लिहून दे म्हटलं नाही, कारण यातली एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही.

तुझ्यापर्यंत सगळं तुकड्यातुकड्यांनी आलं असेल. तापातून उठून मला दहा-बारा दिवस झाले होते. पायांना मुंग्या येत होत्या, पण दिवसभर खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या न्हाव्याच्या पायांना दुसरं काय येणार? मग एका सकाळी शिंपीकाकांचे केस कापताना हातातली कात्री सुटली. उचलायला वाकलो तो उठताच येईना. काकांनीच मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. स्वतः मात्र अर्ध्या कापलेल्या डोक्यानं दोन दिवस हिंडले. उरलेलं दुसऱ्या कुणाकडून कापून घ्यायला त्यांचं मन होईना.

तिसऱ्या दिवशी गिळणं गेलं, चौथ्या दिवशी श्वास. घशात नळी घातली. डोळे मिटत नव्हते, म्हणून त्यांत मलम घालून वर पट्टी लावली. सगळ्यांना वाटलं, याला शुद्ध नाही. मी टक्क जागा होतो गं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली की ती आपोआप जाईपर्यंत सोसायची. श्वाससुद्धा माझा नव्हता. मशीन देईल तेव्हा घ्यायचा. मनातल्या मनात ओरडून ओरडून थकायचो आणि बाहेर पापणीही हलायची नाही. माणसं उशाशी येऊन वाट्टेल ते बोलायची. शेजारच्या दुकानदारानं तर माझी फिरती खुर्ची विकायची का, असं तुझ्या वहिनीला विचारलं. तेव्हाच्या तेव्हा उठून त्याची मिशी उतरवावीशी वाटली.

एके दिवशी डॉक्टरीणबाई तुझ्या वहिनीला माझ्या खाटेशीच समजावत होत्या. तापाचा विषाणू बहुधा केव्हाच गेला, पण त्याला मारायला उठलेली अंगातली ताकद चुकून माझ्याच नसांवर उलटली, असं त्या म्हणाल्या. वहिनीनं विचारलं, त्या तापामुळेच का? त्यावर बाई म्हणाल्या, "असू शकतं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. असा ताप हजारोंना येतो, हे होतं एखाद्यालाच." मी ते शब्द पुन्हा पुन्हा घोळवले. दुसरं करण्यासारखं होतंच काय? पुढे औषधांनी गुण आला, नळी निघाली. आता भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातो. जीभ अजून जड आहे, म्हणून फोनवर हे बोललो नाही. तू निम्मं ऐकून रडत बसली असतीस.

चिमणे, बाई हे बोलल्या त्याच्या आदल्या दुपारी तू आली होतीस. माझा हात धरून म्हणालीस, "दादा, मीच तो ताप शाळेतून तुमच्या घरात आणला. आता तुला तोंड दाखवणार नाही." मी ते सगळं ऐकलं. खरं सांगू? तेव्हा मनात आलं, हो, तूच आणलास. कितीतरी दिवस मी तुझ्यावरच्या रागानं जळत पडलो होतो. रागावलेल्या माणसाला निदान कूस तरी बदलता येते, मला तेवढंही येत नव्हतं. तो राग कधी विझला ते कळलं नाही, पण आता नाही. सात महिने झाले, तू आली नाहीस. आणि परवा वहिनीकडून कळलं, पोरांना जवळ घ्यायची भीती वाटते म्हणून तू राजीनामा दिलास, खोलीबाहेर पडत नाहीस. कोंडून पडणं काय असतं ते मला विचार. म्हणून हे पत्र. तो ताप तू आणला असशील, कदाचित नसशीलही. दोन्हीतलं काहीही असलं तरी त्या दुपारी मला देता न आलेलं उत्तर एकच आहे. तोंड लपवू नकोस, ये. आणि राजीनामाही मागे घे.

तुझाच,
दादा