क्लाइव्ह पेलिकन पाण्यात उतरतो

६ जानेवारी
तलावावर पोहायला शिकवणाऱ्या शेरिलला सुट्टीतल्या वर्गासाठी चित्रांचं पुस्तक हवंय. दरवर्षी दोन-तीन पोरं घाबरून पायरीवरच बसतात म्हणे. मी हो म्हणालो. नायक ठरला : क्लाइव्ह पेलिकन. पिवळा चष्मा, निळी चड्डी. चित्रं एआय काढणार, डोकं माझं. ग्वेन म्हणाली, रसेल, तुला साधा मासा काढता येत नाही. बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही.

७ जानेवारी
पहिलं चित्र झकास. क्लाइव्ह काठावर उभा. उद्या पुस्तक संपवणार.

८ जानेवारी
दुसरं चित्र. क्लाइव्ह बुडी मारून वर येतो. वर आला तो बगळा. चोचीखालची पिशवीच नाही. 'तोच पेलिकन' असं बजावून लिहिलं. पिशवी आली. दातांसकट.

११ जानेवारी, दुपार
युक्ती सापडली. क्लाइव्हचं बारीकसारीक वर्णन लिहून ठेवलं. दर वेळी तेच चिकटवायचं. आता चूक अशक्य.

११ जानेवारी, संध्याकाळ
चड्डी चोचीला.

१४ जानेवारी
ग्वेनने विचारलं, हा टर्की कोण? म्हटलं, क्लाइव्हच आहे, ओला झालाय. ती चहा ठेवायला गेली. पटलं असावं.

१७ जानेवारी
मुलं गोष्ट बघतात, चोची नाही. पुस्तक छापून आणलं.

१८ जानेवारी
वाचन झालं. मुलं एकदम गप्प. भारावली, असं वाटलं. मग एका मुलाने विचारलं, पहिला क्लाइव्ह कुठे गेला? म्हटलं, हाच तो. तो म्हणाला, "नाही. तो पाण्यात गेला आणि आलाच नाही. दुसराच कुणीतरी आला." पोरांनी पानं मागेपुढे करून खात्री केली. एक मुलगी रडली.

१९ जानेवारी
एकही मूल पाण्यात उतरलं नाही. गेल्या वर्षी सुळकन पोहणारीसुद्धा. शेरिल म्हणाली, पायरीवर बसायला जागा उरली नाही, आता तूच निस्तर. प्रात्यक्षिक द्यायचं ठरवलं. सगळ्यांदेखत बुडी मारली, वर आलो. टकलावर आडवे बसवलेले केस खांद्यावर लोंबत होते. मुलं मागे सरकली. कालची रडकी मुलगी बाकावर लॅमिंग्टन केक खात बसलेल्या ग्वेनकडे गेली आणि विचारलं, आजी, हे तुमचेच आजोबा का?
ग्वेनने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "नाही गं. ह्यांना मी पहिल्यांदाच बघतेय."