कार्बनचे बूट आणि मोगरी

संभाजीनगर,
ता. १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

चि. गौतम यास माय कडूबाईचा जय भीम.

पत्र बघून दचकू नको, कोणी मेलेलं नाय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं निम्मं बोलणं झालं की "माय, मीटिंग आहे" म्हणतोस. कागदाला मीटिंग नसती, म्हणून लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यापुढं साक्षरता वर्गाचा कंदील. काना-मात्रा चुकला तर सूनबाई सुलेखानं सांभाळून घ्यावं. तिला सांग, पुण्याच्या हवेत खोकला वाढला असंल तर ओवा खा, डॉक्टरची घरं भरू नको.

इथं मी आणि विशाखा, आम्ही आज्जी-नात बऱ्या आहोत. गुडघा होता तसाच आहे. नळाला परवा पाणी आलं, आपल्या बाजूच्या घरांना मात्र करंगळीएवढी धार. साळूबाईनं नळाला मोटर लावलीय ना, गल्लीचं पाणी तीच ओढती. तुला आठवत असंल, उन्हाळ्यात आला होतास तेव्हा तूच तिच्या दारात जाऊन म्हणला होतास, "काकू, मोटर तुमच्या पैशाची असंल, पाणी गल्लीचं आहे." बायका दारात येऊन ऐकत होत्या. मला बी बरं वाटलं. पोरगं शिकून वाया गेलं नाय, असं वाटलं.

आता कामाचं. तू विशाखाला दिवाळीत आणलेले बूट आता पायात घालायच्या लायकीचे राहिले नाहीत. मी धुतले. दगडावर ठेवले आणि मोगरीनं धोपटले. आत काहीतरी कडकन वाजलं. विशाखा म्हणली, कार्बनची पट्टी होती, तीच पाय पुढं उडवती. कार्बन म्हणजे मला तो निळा कागद ठाऊक, पावतीखाली ठेवतात तो. कागद घालून बुटाची एवढी किंमत कशी काय घेतात, म्हणून बघितलं तर काळी कडक पट्टी, आणि तिचे दोन तुकडे. झालं ते झालं. म्हातारीला अक्कल नाय असं तू चारचौघांत सांगतोसच, आता तुला पुरावा झाला.

शिव्या द्यायच्या त्या मला दे. पोरीला फोन करून छळू नको. ती फोन का घेत नाय ते तू मला सारखं विचारतोस आणि मी सारखं सांगते, अभ्यास असंल. अभ्यास-बिभ्यास काय नाय.

जिल्ह्याच्या त्या शर्यतीच्या दिवशी तू मैदानावर होतास, पण तू घड्याळाकडं बघत होतास. मी माणसांकडं बघत होते. म्हणून मी काय बघितलं ते लिहिते.

सोनियाला तू ओळखतोस. कन्नडच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो त्या बद्रीनाथची पोर, इथं होस्टेलात राहती. कारभारी सरांच्या हाताखाली ती आणि विशाखा एकाच मैदानावर पळतात. आज ही पुढं, उद्या ती. गेल्या साली विशाखाला ताप आला तर सोनिया डब्यात खिचडी घेऊन आली आणि उशाशी बसून म्हणती, "लवकर ऊठ गं बाई, हरवायला कोणी नसलं की पळायला मजा नाय येत." मी म्हणलं, "खिचडी तू केलीस व्हय? मग ही हरणारच, उठायची नाय." अशी त्यांची जोडी. दोघींत कधी हातभरापेक्षा जास्त अंतर पडलं नाय.

आणि त्या दिवशी तीन हजार मीटरला विशाखा एवढी पुढं गेली, की दोघींच्या मधी एसटी उभी करावी. मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले. पोर पळतच नव्हती. बूट पळत होते, ती वर बसली होती. जिंकलेलं माणूस वर बघतं, लोकांकडं बघतं. ही फीत तोडून पायाकडं बघत उभी राहिली. तुला ते दिसलं नाय.

मग लोक गोळा झाले. पोरीला पाणी पाहिजे का, कोणी विचारलं नाय. सगळे वाकून बूट बघत होते. एक जण अंगठ्यानं तळवा दाबून बघत होता. आणि तू, माझा पोटचा पोरगा, तिचा पाय हातात धरून उलटा करून दाखवत होतास. बैलाचा खूर दाखवतात तसा. सोळा वर्षांची पोर एका पायावर उभी, पडू नये म्हणून तुझ्या डोक्याचा आधार घेऊन. वर तू किंमत सांगत होतास. मला किळस आली. बुटाची नाय, बूट बिचारा रबराचा. तुझी आली.

त्यात बद्रीनाथ आला. त्याची पोर हरली होती, तरी आला. म्हणला, "गौतमभाऊ, तुमची पोरगी लई भारी पळाली." तू काय म्हणलास? तू सोनियाच्या झिजलेल्या बुटांकडं बघून म्हणलास, "बद्रीभाऊ, जीप कितीबी दामटा, टायर गुळगुळीत असल्यावर काय उपयोग? टायर बदला आता." लोक हसले. तू जास्त हसलास. बद्रीनाथ बी हसला, कारण तिथं दुसरं काय करणार? त्याच्या मागं सोनिया खाली बसून बुटाची नाडी सोडत होती. ती नाडी तिला लई वेळ सुटली नाय. विशाखानं तिथंच बूट काढले आणि रिक्षापर्यंत अनवाणी चालत गेली. तू म्हणलास, "फोड आले वाटतं."

मग तो फ्लेक्स. चौकात लावलास तो. तुझं तोंड हंड्याएवढं, पोरीचं वाटीएवढं आणि बूट परातीएवढा. भाजीला जाताना मी त्या बाजूनं पदर घेऊन जाते.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बूट नियमात बसतात, सरांनी तळव्याची जाडी मोजून घेतलीय, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावेत, दुकान सगळ्यांना उघडं आहे. मी कुठं म्हणते चोरी केलीस? पण उद्या कार्पोरेशननं नळाची मोटर नियमात बसवली तर साळूबाई चांगली बाई ठरंल काय? आणि तुला गल्लीची ताजी खबर सांगते. आता नानासाहेबानं मोटर घेतली, वरच्या आळीत बी घेतली. सगळ्यांच्या मोटरी घोंघावतात. पाणी होतं तेवढंच आहे. ज्याच्याकडं मोटर नाय त्याच्या नळातून हवा येती. तुझ्या मैदानाचं हेच व्हणार. ज्या आईबापांनी त्या दिवशी वाकून बूट बघितले, ते आता कर्ज काढून बूट आणतील, अंतर पुन्हा हातभराचंच राहील, आणि बद्रीनाथची पोर तेवढी मागं.

तू फोनवर मला एक गोष्ट बोललास, तिचं उत्तर मी तेव्हा दिलं नाय. तू म्हणलास, "माय, तुझ्या बापाला गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागायच्या. आज त्याच्या पणतीच्या पायात असा बूट आला, तर तुलाच खुपतं?"

आता उत्तर घे. बूट मला कधीच खुपला नाय. तुला शाळेत घातलं तेव्हा पहिले बूट मी घेतले होते, माझ्या पायात काय होतं ते तुला आठवत असंल. पण माझा बाप वहाणा हातात घेऊन वेशीतून जायचा तेव्हा पारावर बसलेले हसायचे. मी बापाचं बोट धरून चालायचे, माझं तोंड त्यांच्याकडं असायचं. ते हसू मी कुठंबी ओळखते. त्या दिवशी मैदानात बद्रीनाथच्या पोरीच्या पायाकडं बघून तू हसलास, ते तेच हसू होतं. बूट आपल्याकडं आला हे चांगलं झालं, पण त्याच्याबरोबर तू त्यांचं हसू बी विकत आणलंस. ते दुकानात फुकट देतात व्हय?

आता पुढचं लिहिते.

शर्यतीनंतर एका सकाळी विशाखा म्हणली, "आज्जी, मैदानावर चल." तिथं तिनं पिशवीतून तुझे बूट काढले आणि सोनियापुढं ठेवले. "आज तू माझे घाल, मी तुझे." पाय दोघींचे एकाच मापाचे. सोनिया म्हणली, "तुझा बाप मला भाड्याचं बिल पाठवील." पण घातले. पळाल्या. या वेळी सोनिया पुढं, मधी तेवढीच एसटी. परत आली, धापा टाकत बूट काढले आणि म्हणली, "घे बाई तुझं. हे घालून मी कोणाला हरवलं तेच कळंना."

"मला हरवलंस की."

"तुला मी माझ्या फाटक्या बुटात बी हरवते."

दोघी हसल्या. विशाखाचं हसू लवकर संपलं.

मग ती कारभारी सरांकडं गेली. म्हणली, शनिवारी विभागाच्या शर्यतीला सोनियाला पाठवा. सर म्हणले, पहिली आलेली नाय गेली तरच दुसरी जाती. ही म्हणली, "मग मी नाय जात." सर म्हणले, "वेडी झालीस का? पप्पांना विचार." पोर म्हणली, "पप्पांना विचारूनच पळाले होते, सर."

तर गौतम, शनिवारी विशाखा पळणार नाय. तिचं ह्या सालचं गेलं. हे पहिल्याच पानावर लिहायला पाहिजे होतं, पण तू पुढचं वाचलं नसतंस. सोनिया तिच्यावर लई भडकली, "मला भीक नको" म्हणून दोन दिवस बोलत नव्हती. विशाखानं तिला सांगितलं, "भीक नाय, तुझंच होतं. पुढच्या साली माझ्या जुन्या बुटात तुझ्याकडून काढून घेते." मग कुठं ती तयार झाली.

आणि बूट मी धुतले हे खोटं लिहिलं. त्यांना पाण्याचा थेंब बी लागला नाय. एवढं पाणी आहे कुठं आपल्याकडं? पोरगी मोगरी घेऊन माझ्यापुढं आली. मी म्हणलं, "मोडू नको गं, चांगली वस्तू आहे, विकून टाक." म्हणली, "विकले तर दुसरी कोणी घालून तिसरीला हरवील. आणि घरात राहिले तर पुढच्या वेळी मीच घालीन, आज्जी. मला जिंकायला आवडतं." एवढं खरं आपल्या घरात कोणी बोललं नव्हतं. बूट दगडावरनं घसरत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला. तिनं हाणलं.

पावतीखाली कार्बन ठेवला की वरचं खाली उमटतं, एवढंच मला ठाऊक. मला भ्या होतं की तुझं ते हसू पोरीत उमटंल. नाय उमटलं. मोगरी वेळेवर पडली.

रविवारी ये. आधी चौकातला फ्लेक्स तुझ्या हातानं उतरव. मग बद्रीनाथच्या जीपमधी पुढच्या शिटावर बसून कन्नडपर्यंत जाऊन ये. तेवढ्या वाटेत काय बोलायचं ते तुला सुचंल. नाय सुचलं तर तिथनंच परस्पर पुण्याला जा, इकडं येऊ नको.

बूट धरणारी,
तुझी माय,
कडूबाई