डोंगरावरचे दिवे

चिंगीताईस,
हंपीहून शिदूचा नमस्कार. आबांना बी सांग.

मी बरा हाय. फोन पाण्यात पडला म्हणून पत्र. लॉजवर चादरी धुतो, हात सोलून निघालेत, पण जेवण पोटभर असतं. हितल्या भाताला आपल्या इंद्रायणीचा वास न्हाई. आपल्या टाकव्यात भातलावणी उरकली का?

काल लॉजवर उतरलेल्या पुण्याच्या पाव्हण्यांनी भिंतीवर पिक्चर लावला. हरवलेल्या पोरांचा कॅमेरा सापडतो आन त्यातलंच आपण बघतो, असा. परग्रहावरचे येतात. लय वेळ ते दिसत न्हाईत, नुसता आवाज येतो, ते झ्याक जमलंय. मग एकदा त्यातला एक दाखवला, तर ओल्या रेनकोटातला माणूस वाटला. आन पोरगं जीव घेऊन पळतंय तरी कॅमेरा सोडत न्हाई, हे काय पटलं न्हाई.

पिक्चरमधल्या डोंगरावर दिवे हलले तेव्हा सगळे किंचाळले. मी म्हणलं, "बत्त्या घेऊन कुणी खेकडं धरायला आले असतील की!"

एक बाई हसली, "तुमच्याकडे एलियन उतरले तर तुम्ही पिशवी धरून उभे राहाल."

शेवटी कॅमेरा गवतात पडून राहतो. लांबून कुणीतरी पोराचं नाव घेऊन हाका मारतंय, उत्तर न्हाई. तितं मात्र मला बसवेना. आबांना अंधारात दिसत न्हाई, तरी बत्ती घेऊन एकटेच वढ्याला जातात ना?

तुझं ऐकत न्हाईत, म्हाईत हाय. त्यांना सांग, शिदू आल्याबिगर खेकडं धरायचं न्हाई. थकलोय बी आता. शनिवारी निघतो. या वेळी खरंच.

तुझा,
शिदू