बांधावरची पिवळी कण्हेर

रनाळे, ता. नंदुरबार
४ एप्रिल १९३८

चि. बन्सीलाल यास प्रमिलाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आबांचे पाय परत सुजले आहेत. भिंतीला टेकून बसले तरच श्वास पुरतो. नंदुरबारच्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेल्या थेंबांनी होळीपर्यंत बरे होते, आता गुण येत नाही. डॉक्टर म्हणतात, विलायती औषध आहे, आपल्या उन्हात त्याचा जोर जातो. नवी बाटली मुंबईहूनच मागवावी.

आता तुझे प्रताप ऐक. पिवळ्या कण्हेरीच्या बियांतून तसेच औषध निघते का ते तुमच्या प्रयोगशाळेत तपासतात, असे तू लिहिलेस आणि मी शहाणीने ते मोठ्याने वाचले. तेव्हापासून आबांनी एकच धरले आहे, की पोऱ्या मुंबईमा आपला बांधवरन्याच बिया कुटी ऱ्हायना, मंग माले बाटली कसाले? मायने वैद्यबुवांना विचारले. ते म्हणाले, बिया दुधात उकळल्या की जहर मरते. दूध टाकून द्यायचे नि बी उगाळून द्यायची. रविवारी द्यायचे ठरले आहे. कण्हेर खाऊन आपल्या गड्याची, भिलाची बकरी मेली ते मी पाहिले आहे, मला धीर होत नाही. पण माहेरपणाला आलेल्या लेकीचे कोण ऐकते? तुझे ऐकतील. लगेच कळव.
तुझी वाट पाहणारी,
प्रमिलाताई

मुंबई
७ एप्रिल १९३८

ती. ताईस साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचताच तार केली. आबांना कण्हेर देऊ नका, एवढेच तीत आहे. बाकी इथे लिहितो. बियांत औषध आहे हे खरे, पण औषधात आणि विषात अंतर फार थोडे. आम्ही अर्क बेडकाच्या हृदयावर घालून पाहतो. ते आधी सावकाश, जोमाने चालते. जरा जास्त झाले की थांबते. शिवाय एका झाडाची बी दुसऱ्यासारखी नसते. किती दिले तर माणूस तरेल, हे आमच्या साहेबांनाही अजून ठाऊक नाही.

दुधात जहर मरत नाही, दुधात उतरते. ते दूध मांजराच्याही तोंडी लागू देऊ नकोस, पुरून टाक. थेंबांची ताजी बाटली पार्सलने धाडली आहे. नाडी फार मंद लागली तर थेंब थांबवून डॉक्टरांना बोलाव. मायला सांग, पोरगा बेडकांचा वैद्य झाला म्हणून गावभर हसत फिरू नकोस.
माया आहेच, ती वाढावी.
बन्सीलाल

रनाळे
१० एप्रिल १९३८

चि. बन्सीलाल, हे पत्र भिलाच्या हाती देते आहे. नंदुरबार स्टेशनवर उतरलास की तो देईल. घरात पाऊल टाकण्याआधी वाच.

माय गेली हे तारेने कळलेच. कशी गेली ते तारेत लिहिता आले नाही. शुक्रवारी तुझी तार आली तेव्हा पातेले नुकतेच चुलीवरून उतरले होते. आबा चिडले, पण माय बधली नाही. साऱ्या बिया तिने स्वतः उकिरड्याशी पुरल्या. मला इतके हायसे वाटले म्हणून सांगू. दूध मात्र तिच्याने फेकवले नाही. आपल्या घरात दूध कधी जमिनीवर ओतलेले नाही, तुला माहीत आहे. बिया मातीमा गयात, मंग दूधनी काय पाप करं, असे ती शेजारच्या कौसाबाईला म्हणाली होती. आबांच्या उशाशी बसून तिच्याही पोटात काही नव्हते. कोणाला न देता एकटी प्यायली.

ओकाऱ्या लागल्या तेव्हा आम्हांला ऊन बाधले असे वाटले. मी सारखी आबांची नाडी बघत होते रे, मायचा हात कोणी धरलाच नाही. धरला तेव्हा नाडी मधेच हरवत होती. गाडी जुंपून नंदुरबारला नेले, डॉक्टरांनी शर्थ केली, पण शनिवारी दुपारी सारे संपले. घरी परतलो तर तुझे पत्र येऊन पडलेले.

आबांना ती उन्हाने गेली असेच सांगितले आहे. खरे कळले तर त्यांचे हृदय टिकणार नाही. त्यांच्यासमोर दुधाचा विषय काढू नकोस. सांभाळून ये.
तुझी ताई

मुंबई
२० जून १९३८

ती. ताईस साष्टांग नमस्कार. लांबलेली रजा संपवून सुखरूप पोचलो. आबा थेंब घेतात का? ते उन्हाला शिव्या देतात तेव्हा मान खाली घालून बसायचे, हे मला फार जड गेले.

साहेबांनी आपल्याकडच्या बिया मागवायला सांगितल्या. जमणार नाही म्हणालो. ते काम माझ्याने आता होईलसे वाटत नाही. ताई, बांधावरची कण्हेर तोडून टाक.
तुझ्या मायेतला,
बन्सीलाल

रनाळे
९ जुलै १९३८

चि. बन्सीलाल यास अनेक आशीर्वाद. वि. वि. आबा थेंब घेतात. सूज उतरली आहे, काठी टेकत बांधापर्यंत जातात.

कण्हेर तोडायला शेतावरच्या कालीबाईला पाठवले होते. आबांनी तिला परत धाडले. बांधावर कालपर्यंत काय करत होते ते मला आज कळले. माझ्यापुढे एक पिशवी ठेवली, वेचून सुकवलेल्या बियांची, आणि पोऱ्याले धाड म्हणाले. तुझे पत्र मी त्यांना वाचून दाखवले नव्हते. कशाला, म्हणून मी विचारले. तेव्हा म्हणाले, की तुन्ही माय उन्हे नही मरनी, हाई माले पहिलाच दिन समजनं व्हतं, पण तू इतली सांभाळी ऱ्हायनी व्हती म्हणून चूप बसनू. शेवटी म्हणाले, कितलं घिदं ते दवाई नि कितलं घिदं ते जहर, हाई कोणले तरी समजाले पायजे.

पिशवी उद्याच्या पार्सलने निघेल. मिळाल्याचे त्यांनाच लिही.
तुझी,
प्रमिलाताई